वडगावचा दर

कुंदा मॅडम पेशंटच्या तोंडात पाहण्याआधी विचारतात, "काल काय खाल्लंत? कुठल्या बाजूने?" आम्ही दातांचे डॉक्टर दात पाहतो, मॅडम आधी जेवण पाहतात.

पूर्वी आठवडाभर त्या वडगाव मावळच्या आपल्या दवाखान्यात असत आणि शनिवार-रविवारी लोणावळ्यातल्या आमच्या चकचकीत क्लिनिकमध्ये येत. मी तिथे नुकताच लागलो होतो. बंगलेवाले खास त्यांच्यासाठी थांबत. इथल्या एका रविवारची कमाई वडगावात अख्खा आठवडा राबूनही होत नसे. मी तसं बोललो, तर हसल्या.

"अहो, जबडा तोच, हाड तेच. घाट जवळ आला म्हणून दाढ महाग होते का?"

"इथलं भाडं पाहा ना, मॅडम."

"भाडं भिंतींचं असतं. ते भिंतींकडून घ्या."

एका रविवारी भुशीच्या वरच्या वाडीतली ठकूमावशी गाल धरून आली. मिश्रीने दात काळेभोर, हातात आंबेमोहराची पिशवी. मॅडम रविवारी इथे भेटतात, एवढंच तिला कुणीतरी सांगितलेलं. रिसेप्शनवरच्या मुलीने दर सांगताच ती आल्या पावली जिना उतरू लागली. मॅडम स्वतः धावल्या आणि तिला खुर्चीत आणून बसवलं.

"काढून टाक बाई, लय ठणाकतीया," मावशी म्हणाली. "दुसरं काय मला परवडायचं न्हाई."

"मावशी, भाकरी चावायला वरखालची ही एकच जोडी उरलीय तुमची. खालची काढली, तर वरची कुणाशी बोलणार?"

आणि मॅडमनी दाढ वाचवायला घेतली, वडगावच्या दराने. क्लिनिकचे मालक दारात आले. "इथे इथलाच दर लागेल. जमत नसेल तर पुढच्या आठवड्यापासून येऊ नका."

मॅडमनी मानही वर केली नाही. "यांचं आजचं आटोपलं की निघते," म्हणाल्या. "मावशी, उरलेलं वडगावला करू. लोकलने या." एवढ्या कमाईवर पाणी सोडताना त्यांचा हात तसूभरही हलला नाही. तसा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

मी लोणावळ्यातच राहिलो. बरं चाललंय. गेल्या वर्षी माझीच दाढ ठणकू लागली, तेव्हा क्लिनिकमधल्या सगळ्यांना सोडून मी मुकाट्याने वडगाव गाठलं. बाकावर शेजारी ठकूमावशी! सुनेला दाखवायला आणलं होतं. स्वतः मजेत चणे फोडत होती.

"व्हय, त्याच दाढंनं," मी पाहतोय हे बघून ती म्हणाली.

काम झाल्यावर मी सवयीने आमच्याकडच्या दराचे पैसे टेबलावर ठेवले. मॅडमनी वरच्या नोटा माझ्या खिशात परत कोंबल्या. "जबडा तोच आहे हो!"

खूप काही बोलायचं होतं. पण तोंडात कापूस होता, म्हणून नुसते हात जोडले.