पुढे पळणारे बळवंतअण्णा

कोल्हापुरात शहराची दौड सुरू झाली त्या वर्षी मी चुकीच्या घोळक्यात उभा राहिलो. वजनावरून डॉक्टरांची बोलणी खाल्ली होती, म्हणून ऑफिसातल्या चौघांच्या नादानं मी छोट्या दौडीत नाव घातलं होतं. दसरा चौकातून निघायचं, गावातल्या गावात वळसा घालून परत यायचं, केळं खायचं आणि घरी. छोट्या दौडीला छातीवर पांढरा नंबर, मोठीला पिवळा. मोठीवाले आधी सुटणार होते. पण गर्दीत पुढे सरकता सरकता मी पिवळ्यांत कधी मिसळलो ते कळलंच नाही. शिट्टी वाजली, सगळे पळाले, म्हणून मीही पळालो. आजूबाजूचे लोक एवढे काटक कसे आणि आपल्या ऑफिसातलं कुणीच कसं दिसत नाही, असं मनात आलं खरं. पण मी त्याचा अर्थ असा लावला की मी त्यांच्या बराच पुढे आहे.

कसबा बावड्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा श्वास छातीत मावेना. तेवढ्यात शेजारून खणखणीत आवाज आला, "पावणं, पांढरा नंबर हाय तुमचा."

मी नुसती मान हलवली.

"पांढरा मागंच वळला की. हिकडं कुठं निघालायसा, साखर कारखान्यावर?"

बोलणारा माणूस पन्नाशीचा, उंच, सडपातळ. अंगात बनियन आणि खाली गुडघ्यावर कापलेली खाकी पँट. मी थांबायला लागलो तर त्यानं थांबू दिलं नाही. घाट लागला की गाडी बंद पडायची वाट बघायची नसते, गिअर आधीच पाडायचा असतो, असं काहीतरी सांगत त्यानं मला बावड्यापर्यंत हळूहळू ओढत नेलं, तिथं रिक्षात बसवलं आणि स्वतः पुढे निघून गेला. घरी माझी बायको सुमन दारातच उभी होती. दौडीला गेलेला नवरा रिक्षातून उतरताना बघून ती एवढंच म्हणाली, की पळायचा कार्यक्रम बसूनही करता येतो हे तिला माहीत नव्हतं.

त्या माणसाचं नाव बळवंत कांबळे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळचे नेसरीकडचे, एसटीत ड्रायव्हर, आणि आमच्याच मंगळवार पेठेत दोन गल्ल्या सोडून राहणारे. दुसऱ्या दिवशी मी त्यांचे आभार मानायला गेलो, तर त्यांनी चहा पाजला आणि उद्या पहाटे रंकाळ्यावर या म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. मी गेलो. तो सहवास पुढे सात-आठ वर्षं चालला.

पळायला सुरुवात करण्याआधी अण्णा वाकून आपल्या बुटांवर मुठीनं दोन ठोके मारत, मग माझ्या. गाडी काढण्याआधी टायर बघायची सवय, ती पायावर आली होती. रंकाळ्याच्या काठानं चार-चार जण हात धरून फिरायचे. अण्णा त्यांच्या मागे जाऊन तोंडानं असा हॉर्न वाजवत की भली भली माणसं कठड्याला चिकटत. मी दमून शिव्या घालायला लागलो की म्हणत, "घाटात गाडीला शिव्या देऊन गाडी चढत न्हाय, मास्तर." चुकलं तर माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. भांगावर मात्र फार जीव. दौड असो की कुणाची मयत, खिशात कंगवा असायचाच.

त्यांच्या डोळ्यांचं त्यांनी मला फार लवकर सांगितलं, कठड्यावर बसून शेंगा खाता खाता. एसटीच्या तपासणीत काचबिंदू निघाला होता. बाजूचं दिसेनासं झालं होतं, समोरचं तेवढं नळीतून बघितल्यासारखं दिसायचं, आणि ती नळीही दिवसेंदिवस बारीक होणार होती. स्टेअरिंग गेलं. त्यांचा आवाज मोठा म्हणून त्यांना स्टँडवर गाड्या पुकारायचं काम दिलं. नेसरीची गाडी तेच पुकारायचे. चालवायचा मात्र दुसराच कुणीतरी. "पुकारतो आनि गाडी हलली की पाय आपोआप दाबला जातोय," ते म्हणाले. मग शेंगांची टरफलं झटकून उठले. पळणं त्यांनी त्याच वर्षी सुरू केलं होतं. डोळे जाणार ते जाणारच, त्यांच्याबरोबर पायही कशाला घालवायचे, हा त्यांचा हिशेब.

पुढची काही वर्षं ते दर जानेवारीत मोठी दौड पळाले. मी छोटी पळायचो, योग्य घोळक्यात उभं राहून. मग त्यांना ठेचा लागायला लागल्या. एका पहाटे ते रंकाळ्यावर उभ्या केलेल्या सायकलवर आपटले. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला, तर त्यांनी तो एवढ्या जोरात झटकला की मीच पडायचा राहिलो. त्या दिवशी पळणं झालं नाही. परत येताना वाटेत म्हणाले, "दवाखान्यात दंड धरत्यात. बाजारात धरत्यात. घरात मोरीकडं निघालो तर शांता धरतीया. समद्यांचं बरोबर हाय, मला दिसत न्हाय. पर दिसातनं तासभर तरी दंड माझा असू दे की."

शांताबाई म्हणजे त्यांची बायको. नवऱ्याला पळायला सोडायला त्या राजी नव्हत्या आणि मला त्यांचं म्हणणं पटायचं. पण अण्णांनी त्यातूनही वाट काढली. एसटीत ड्रायव्हर पुढे असतो आणि कंडक्टर मागे. एक घंटा वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. कंडक्टर काही ड्रायव्हरचा हात धरत नाही. तर मी त्यांच्या मागे, जरा डाव्या अंगाला पळायचं. एक टाळी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. वळण असेल तर डावा किंवा उजवा, एवढाच शब्द. कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात, त्यामुळे आधी नुसतं गमतीनं म्हटलेलं मास्तर आता कामावर रुजू झाल्यासारखं झालं. पेठेतल्या दोन बायकांनी सुमनला विचारलंही, की साहेबांनी नोकरी बदलली काय आणि शाळा कुठली.

कंडक्टर म्हणून मी सामान्यच होतो. एकदा पळता पळता मानेवरचा डास मारला, तर अण्णा जागच्या जागी थांबले आणि मी त्यांच्या पाठीवर जाऊन आदळलो. ड्युटीवर डास मारायचा नाही, असा नियम त्या दिवशी झाला. बघणाऱ्यांना काही कळायचं नाही. पुढे ताठ मानेनं पळणारा उंच माणूस आणि मागे टाळ्या वाजवत, घामाघूम झालेला मी. लोक मलाच ओरडून धीर द्यायचे, की काका, सोडू नका, बघा तुमच्यापेक्षा म्हातारा पुढे चाललाय. अण्णांना हे फार आवडायचं. ते मुद्दाम पाय उचलायचे.

शेवटी शेवटी त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. डिसेंबरात एकदा ते म्हणाले, औंदा मोठी दौड पुरी करायची. कुणी हात न धरता, रेघेपासून रेघेपर्यंत. पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही, आणि ही एक झाली की मग शांता म्हणेल तसं वागायचं. त्यासाठी मोठी दौड मलाही पुरी करावी लागणार होती. तीन आठवडे मी भात सोडला. सुमनला ते माझ्या कुठल्याही उपासापेक्षा खरं वाटलं असावं, कारण ती एकदाही हसली नाही.

दौडीच्या सकाळी अण्णांनी भांग पाडला, चार बुटांवर ठोके मारले, मी दोन टाळ्या वाजवल्या आणि आम्ही निघालो. बावड्यापर्यंत सगळं छान गेलं. पोलिसांनी उसाचे ट्रॅक्टर कडेला थांबवून ठेवले होते. मळीचा वास आला तसे अण्णा म्हणाले, बावडा आला. परतीच्या वळणाला ठेवलेल्या पिंपाला त्यांनी हात लावला, आणि आम्ही उलटे फिरलो. तिथून थोडं पुढे आलो आणि माझ्या उजव्या पोटरीत असा गोळा चढला की मी एक टाळी वाजवली आणि रस्त्याच्या कडेला खालीच बसलो.

आमच्या मागे आता कुणी नव्हतं. संयोजकांपैकी दोघेजण मोटारसायकलवरून आले. रस्ता वाहनांना खुला करायची वेळ होत आली होती. मागे बसलेला ट्रॅकसूटमधला गृहस्थ भला होता. तो उतरला, सगळं समजून घेतलं आणि म्हणाला, यांना मी हाताला धरून नेतो, पटापट गेलो तर चौकातली शेवटची कमान काढायच्या आत पोचू; तुम्ही गाडीवर बसा. महिनाभर ज्याची वाट बघितली ते माझ्या पोटरीपायी जाणार होतं.

"अण्णा, जावा तुम्ही," मी म्हणालो. "मी येतो मागनं."

त्या गृहस्थानं अण्णांचा दंड धरला. अण्णांनी धरू दिला. दोघं निघाले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. थोडं अंतर गेल्यावर अण्णा थांबले. त्या माणसाला काहीतरी बोलले, हळूच आपला दंड सोडवून घेतला आणि माझ्या दिशेनं वळले. पण दिशा थोडी चुकली होती. त्यांचं तोंड गटाराकडे होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "आवाज द्या."

एसटी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून हाका मारतो, तेवढंच मला सुचलं. "येऊ द्या," मी म्हणालो. "डाव्या अंगाला थोडं. येऊ द्या. येऊ द्या. बास."

ते बरोबर माझ्या गुडघ्यापाशी येऊन थांबले. खाली बसून चाचपडत पोटरी शोधली आणि घट्ट बसलेला नट सोडवावा तशी दाबायला लागले. मी चिडून म्हणालो, कशाला आलात परत? पोचला असता की.

"माणूस चांगला हुता तो," अण्णा म्हणाले. "पर दंड धरला की मी पळत न्हाय, मास्तर. मला नेत्यात."

मोटारसायकलवर बसायला मी नको म्हणालो. उभं राहता येत होतं, पण पाय टेकवत नव्हता. अण्णांनी थोडा विचार केला आणि माझा हात आपल्या खांद्यावर घेतला. खांद्याला चालतंय, म्हणाले. अशी आमची वरात निघाली. थोड्याच वेळात रस्ता खुला झाला. अडवून ठेवलेले ट्रॅक्टर, रिक्षा, स्कूटर सगळे एकदम सुटले आणि आमच्या अंगावरून जायला लागले. डावा, उजवा, आणि टाळीऐवजी खांद्यावर थाप, एक किंवा दोन. अण्णा तेवढ्यावर पाय टाकत राहिले.

दसरा चौकात कमान नव्हती. खुर्च्या टेम्पोत चढवत होते.

"कमान हाय?" अण्णांनी विचारलं.

"काढली."

"रेघ?"

रेघ होती. पांढऱ्या फक्कीची, चाकांनी अर्धीअधिक पुसलेली. मी त्यांना सरळ तिच्यावर घेतलं, खांद्यावरचा हात काढला आणि एक टाळी वाजवली. अण्णा थांबले. वाकले, डांबरावर तळहात फिरवला, बोटांना फक्की लागली ती अंगठ्यानं चोळून बघितली. मागे एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्यानं ओरडून विचारलं, मरायचं हाय काय. अण्णांनी मान न वळवता त्याच्या दुप्पट आवाजात सांगितलं, "गाडी स्टँडला लागलीया. दम खा जरा."

मग त्यांनी स्वतःहून आपला दंड माझ्यापुढे केला. त्या सकाळी पहिल्यांदाच मी तो धरला. टेम्पोवाल्यानं आम्हाला उरलेली दोन केळी दिली.

पुढचा पावसाळा संपता संपता अण्णा गेले. तापाचं निमित्त झालं. घरात बुद्धांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती जळत होती, नेसरीकडची माणसं त्रिशरण म्हणत बसली होती. शांताबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, त्या दौडीपास्नं त्यांनी मला कधी हात झटकला न्हाय. मोरीकडं जायचं म्हटलं तरी आपनच दंड फुडं करायचे." हे सांगताना त्या रडल्या नाहीत. मला मात्र बाहेर जावं लागलं.

त्यानंतर माझं पळणं थांबलं. पहाटे जाग यायची, सवयीनं बूट घालायचो आणि पलंगाच्या कडेला बसून राहायचो. रंकाळ्यावर जाऊन कुणाच्या मागे पळायचं, ते कळायचं नाही. उजाडलं की बूट काढून चहाला यायचो. सुमन कप पुढे ठेवायची. असं बरेच दिवस चाललं.

एका पहाटे मी तसाच बसलो होतो, तर ती आतून आली. साडी वर खोचलेली, पायांत आमच्या मुलीचे जुने कॅनव्हासचे बूट. दाराची कडी काढली आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "मला सगळं दिसतंय. वाटेत तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल."