चांदणी शेवटच्या पिंपापाशी थांबली

आज कारंज्यात पाच-सहा वर्षांच्या लेकरायची तट्टूची शर्यत होती. आमच्या चांदणीवर शेजारची रूही बसली.

तिले बसायले आमच्या ह्यायनंच शिकवलं होतं. मैदानात चार पिंपं मांडायचे अन् चक्कर झाली की शेवटच्या पिंपापाशी चांदणीले हातानं गूळ चारायचे. ते जाऊन चार महिने झाले. तेव्हापासून चांदणी दाराशीच बांधून होती. रूहीनं हट्ट केला म्हणून आज सोडली.

मैदानात तशीच चार पिंपं होती. रूही सगळ्यायच्या पुढं होती. शेवटचं पिंप आलं अन् चांदणी उभीच राह्यली. मान वळवून बाजूले पाहू लागली. रूहीनं टाचा मारल्या, लोक ओरडले, पण ती काही हालली नाही. बाकीचे तट्टू पुढं निघून गेले.

रूही रडली नाही. उतरल्यावर मले हळूच म्हणे, "काकू, तिले कोणी सांगतलंच नाही काय?"

घरी येऊन मी गुळाचा खडा धरला. चांदणीनं माह्या हाताचा वास घेतला अन् पुन्हा फाटकाकडं पाहू लागली. मीबी तिकडंच पाहिलं.

जनावराले हे कसं सांगता तुमी?