उजवीकडून चढणारी कुमुद

त्या सकाळी मुरलीचा फोन आला. “अण्णा, अक्का अजून आल्या नाहीत.” येलहंक्याच्या पुढे, शहर संपते तेथे, मुरलीची घोडेस्वारीची शाळा आहे. माझी धाकटी बहीण कुमुद तेथे रोज सकाळी जात असे, आणि जायचे नसेल तर आदल्या दिवशी कळवत असे. आमची घरे एकाच मजल्यावर, समोरासमोर. तिची दुसरी किल्ली माझ्याकडे असे. मी दार उघडले. ती झोपेतच गेली होती. घोड्यावर बसताना घालायचे बूट पुसून दाराशी ठेवलेले होते. अधिक लिहिण्याजोगे नाही.

या गोष्टीला काही आठवडे झाले. समाचाराला येणारे तिला ‘धाडसी’ म्हणतात. निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाईंनी साठी उलटल्यावर घोड्यावर बसावे, हे त्यांना धाडस वाटते. मी तिचा मोठा भाऊ. मला तिची चौकसपणाची खोड लहानपणापासून ठाऊक होती. एखादी गोष्ट का होते हे कळेपर्यंत तिला जेवण गोड लागत नसे. घोडेस्वारीला माझा विरोध होता. “हाडे मोडून घेशील,” असे मी म्हणालो तेव्हा तिने उत्तर दिले, “तू नोकरीभर विमानांचे पंख मोडलेस, मी कधी काही बोलले?” ते खरे होते. सरकारी कारखान्यात विमानाचा पंख किती भार सोसतो हे पाहण्यासाठी तो मोडेपर्यंत वाकवणे, हे माझे काम होते. त्या कामाचा उपयोग पुढे एका घोडीसाठी होईल, असे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला दारातूनच परत पाठवले असते.

घोडीचे नाव शेवंती. रंगाने गडद तांबूस, स्वभावाने इतकी शांत की मुरली प्रत्येक नवशिक्याला प्रथम तिच्यावरच बसवी. कुमुदही तिच्यावरच शिकली आणि तिच्यात अडकली. मग एके वर्षी शेवंती बिघडली. पाठीवर हात फिरवला की कातडी थरथरे, डाव्या वळणावर कान मागे पडत, आणि एका शनिवारी तिने व्हाइटफील्डहून आलेल्या एका विद्यार्थ्याला खाली टाकले. त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण शाळेचे नाव जाण्यास तेवढे पुरते. घोड्यांच्या डॉक्टरांनी शेवंतीचे पाय पाहिले, दात पाहिले, पाठीचा एक्स-रे काढला. हाडे निर्दोष होती. “पाठ दुखते हे नक्की,” ते म्हणाले, “का दुखते, हे आज मला सांगता येत नाही.” प्रामाणिक गृहस्थ. मुरलीने मात्र निर्णय घेतला. लग्नसराई सुरू होण्यापूर्वी घोडी वरातीसाठी घोडे पुरवणाऱ्या एका माणसाला द्यायची. दुखऱ्या पाठीवर नवरदेव, आणि कानाशी बँड... कुमुद त्या संध्याकाळी माझ्याकडे आली ती चहा घेण्यासाठी नव्हे. “दादा, भार कुठे पडतो हे शोधायचं तुझं काम होतं ना? मग चल.”

मी गेलो. जाताना कुरकुरलो हेही खरे. परंतु दुसऱ्या दिवसापासून तिच्याआधी मीच जिन्यापाशी उभा राहू लागलो. निवृत्तीनंतर एवढी भूक, एवढी झोप आणि एवढी घाई मला प्रथमच जाणवत होती. एक प्रश्न होता, उत्तर कोठेतरी होते, आणि मुदत जवळ येत होती. याहून अधिक माणसाला काय हवे असते?

खोगिराचा दाब पाठीवर कोठे पडतो, हे प्रथम पाहणे आवश्यक होते. मी महागड्या उपकरणांच्या चौकशीत होतो. कुमुदने दाराशी काढायच्या रांगोळीचा डबा उचलला. रांगोळी खरखरीत असते, ती शेवंतीच्या अंगाला लागू नये म्हणून तिने आधी जाड घोंगडी घातली, तीवर काळे सुती कापड ताणले आणि त्यावर चाळणीने रांगोळीचा पातळ थर दिला. खोगीर वर ठेवायचे, घोडीवर बसायचे, उतरायचे, खोगीर सरळ वर उचलायचे. जेथे दाब अधिक तेथली पूड सरकलेली दिसणार. मुरली कमरेवर हात ठेवून पाहत होता. तो आमच्याशी कन्नडात बोले. त्याचे बोलणे येथे मराठीत देतो. “अक्का, घोडीची पूजा मांडली आहे का?” कुमुद म्हणाली, “प्रसाद म्हणून तुलाच हरभरे देईन.”

पहिले अनेक ठसे निरुपयोगी ठरले. फेरी मारून आल्यावर सारी पूड इतकी विस्कटलेली असे की काहीच वाचता येईना. उजवीकडे थोडी अधिक पुसल्याचा भास होई, इतकेच. मग आम्ही तर्क लढवले. कुमुद एका बाजूला झुकून बसते का? मी तिला खुर्चीवर बसवून तपासले. नाल झिजली आहे का? नव्याने ठोकून घेतली. शेवंतीला बिनखोगीर, लांब दोरीवर गोल फिरवले. तेव्हा ती मोकळी, लयीत दुडकत असे. नुसते खोगीर घालून फिरवले, तरी ठीक. माणूस वर बसला की दुखणे. “घोडी बोलती तर बरं झालं असतं,” मी एकदा म्हणालो. “बोलली असती,” कुमुद म्हणाली, “तर पहिलं वाक्य हेच असतं, की या म्हाताऱ्याला जरा हसायला सांगा.”

मी कामात एक शिस्त पाळत आलो आहे. चाचणीचा क्रम मोडायचा नाही. स्वार उतरला की ठसा पाहायचा. हा आमचा नियम मी ठरवला होता. एका सकाळी कुमुद शेवंतीवर चढली आणि मुरली मैदानाच्या टोकावरून ओरडला, “अक्का, हेल्मेट!” ते ती माझ्या खुर्चीवर विसरली होती. ती जशी चढली तशी उतरली. मी खोगिराला हात घातला.

“अरे, हे काय करतोस? मी एक पाऊलसुद्धा चालवली नाही तिला.”

“उतरलीस ना? मग ठसा पाहायचा.”

“दादा, तू म्हणजे अगदी...”

मी खोगीर उचलले. काळे कापड स्वच्छ होते, पूड जागच्या जागी, जणू आत्ताच चाळलेली. फक्त एका ठिकाणी, मान संपून पाठीचा उंचवटा सुरू होतो तेथे, कण्याच्या उजव्या अंगाला, चंद्रकोरीच्या आकाराची जागा पुसून काळीभोर झाली होती. घोडी जागची हललीही नव्हती. जे व्हायचे ते चालण्यापूर्वीच होऊन गेले होते! मी आनंद लपवण्याचा प्रयत्न केला. कुमुदने तो केला नाही. तिने एक आरोळी ठोकली आणि मुरलीच्या दिशेने, त्या वयात, धावत सुटली. “चढताना! मुरली, दुखतं ते चढताना!”

नंतरचा तास मला अजून पुन्हा जगता येतो. तिने पुन्हा डावीकडून चढून दाखवले. पुन्हा उजवीकडे तीच कोर. डाव्या रिकिबीत पाय ठेवून माणूस स्वतःला वर खेचतो तेव्हा खोगीर त्याच्याकडे ओढले जाते आणि पलीकडची कड कण्याच्या उजव्या बाजूस रुतते. तरफेचे साधे गणित. मग मी तिला उजवीकडून चढण्यास सांगितले. तिला जमेना, दोनदा घसरली, हसली, तिसऱ्यांदा चढली. कोर डावीकडे उमटली! मग स्टुलावर उभे राहून हलकेच बसून पाहिले, खूण नाममात्र. सारे जुळले. शाळेतली सर्वांत शांत घोडी म्हणून शनिवार-रविवारचे सगळे नवशिके तिच्याच रिकिबीला लोंबकळत, नेहमी त्याच बाजूने, वर्षानुवर्षे. चढताना स्तब्ध उभे राहायचे हे तिला शिकवलेले होते, म्हणून त्या क्षणी ती हलत नसे. दुखणे दिसे ते नंतर, वळणावर. आम्ही सर्वजण वळणाकडे पाहत बसलो होतो.

मुरलीने वाकून ते कापड पाहिले. “पण अक्का, घोड्यावर डावीकडूनच चढतात. सगळे तसेच चढतात.”

“का?”

“पूर्वी डाव्या कमरेला तलवार असायची. उजवीकडून चढलं तर पायात येते.”

“सरी, ठीक,” कुमुद म्हणाली. “तुझी तलवार कुठे आहे?”

मुरली आधी चरफडला, मग हसला, मग त्याने वरातवाल्याला फोन करून नकार कळवला. डॉक्टरांनी नेमके त्या जागी बोट दाबले तेव्हा शेवंती खाली बसते की काय असे वाटले. विश्रांती, मालीश, नवे खोगीर, आणि मग हळूहळू स्वार. काही महिन्यांनी त्यांनी तीच जागा दाबली; घोडी चारा चघळत राहिली. त्यांनी पुन्हा दाबले. कुमुदने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही तो काळानिळा होता.

तिने पाथरवटाकडून ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचे दोन ठोकळे घडवून घेतले. मैदानाच्या तोंडाशी घोडी मधोमध उभी करायची. एक ठोकळा तिच्या डावीकडे, दुसरा उजवीकडे. एकदा या बाजूने चढायचे, एकदा त्या. पाळी विसरू नये म्हणून रांगोळीचा तो रिकामा डबा तिने खुणेला ठेवला. पुढच्या स्वाराने जेथून चढायचे त्या ठोकळ्यावर डबा. उतरले की तो पलीकडे हलवायचा. शेवंतीवर बसणारा प्रत्येक जण हे पाळत असे. न पाळणाऱ्याला भूगोलाच्या बाई वर्गाबाहेर काढत.

गेल्या रविवारी मी तेथे गेलो. डबा उजव्या ठोकळ्यावर होता. “अक्कांनी शेवटच्या दिवशी ठेवला तसाच आहे,” मुरली म्हणाला. “मी कोणाला हात लावू दिला नाही. शेवंतीवरही कोणी बसलेलं नाही.” मी डब्यापाशी गेलो. झाकणावर तिच्या बोटांचे डाग होते...

“खोगीर आण,” मी म्हणालो.

“अण्णा?”

“उभी राहून घोडी बिघडते. आण.”

तो उजव्या पायऱ्यांवरून चढला, हलकेच, तिने शिकवले होते तसा. शेवंतीने कान पुढे केले. दोन फेऱ्या मारून तो परतला आणि उतरला. आता डबा हलवायचा होता. डबा तेथेच राहू देणे सोपे होते. पण मग पुढचा स्वार पुन्हा उजवीकडूनच चढला असता, आणि त्याच्या पुढचाही.

मी डबा उचलला, घोडीच्या पुढून वळसा घालून पलीकडे गेलो, आणि तो डाव्या ठोकळ्यावर ठेवला.