बदकांचा चातुर्मास

आमच्या या अवर्षणाच्या प्रदेशात माणसांच्या पोटाची चिंता वाहणारे पुष्कळ आहेत, गुराढोरांची वाहणारेही आहेत. परंतु बदकाच्या आहारात काय उणे पडले, या विवंचनेने ज्याचा जप चुकतो असा मनुष्य माझ्या माहितीत एकच, आणि ते माझे थोरले मेहुणे होत. लिंबागणेशच्या अलीकडे ओढ्याकाठी त्यांचे घर आहे. उंच, वाकलेला देह, बोलणे मोजके. गळ्यात तुळशीची माळ. आणि खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकाला सदैव काहीतरी बांधलेले. इतरांच्या उपरण्यात खडीसाखर असते. यांच्या उपरण्यात भरड, कोंडा किंवा अंड्यांच्या टरफलांचा चुरा असे. एकदा कीर्तनाच्या पंगतीत प्रसाद म्हणून त्यांनी माझ्या हातावर जे ठेवले, ते मी श्रद्धेने मुखात घातले. ते घाबरे होऊन म्हणाले, "दाजी, थुका. ते त्यांचं हाय."

माळकऱ्याच्या घरी बदके आली ती सापामुळे. गोठ्यात दोनदा नाग निघाला. बदके असतात तिथे साप फिरकत नाही, असे कोणीतरी त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना सांगितले, आणि त्यांनी बाजारातून चार पिल्ले पदरात घालून आणली. या उभयतांनी नारायणगडावर एकाच दिवशी, एकाच पाटावर बसून माळ घेतली होती. घरात अंडे शिजत नसे. बदकांची अंडी गावातल्या बाळंतिणींकडे जात. वहिनी रोज तिसऱ्या प्रहरी बदकांना ओढ्यावर नेत आणि स्वतः मात्र ओढ्याकडे पाठ करून दगडावर बसत, कारण ओल्या चिखलात बदके काय वेचून खातात हे माळकरणीने पाहू नये. "बगितलं न्हाई की झालं," त्या म्हणत, "देवाला त्यांचं पोट ठावं हाय." इतका सोपा धर्म मला पाठशाळेत कोणी शिकवला नाही.

मागच्या पौषात वहिनी गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी एकच गोष्ट वारंवार सांगितली, "माज्या बदकांचे हाल करू नका." त्या गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत ओढ्यावरच्या कुत्र्यांनी एक बदक नेले. मेहुण्यांनी त्याच सायंकाळी परड्याला जाळी ठोकली आणि ठरवले की यापुढे बदकांना जे लागेल ते घरातच मिळेल. तेथून त्यांच्या आयुष्याचे उत्तरकांड सुरू झाले. परड्यात खड्डा खणून, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरून, त्यांनी पाण्यावर वाढणारा अझोला नावाचा हिरवा चारा पिकवला. टँकर आला की पहिली घागर त्या खड्ड्याला, दुसरी बदकांच्या घमेल्याला. आणि उरलेल्या पाण्यात स्वतः पंचा ओला करून अंग पुसत. शेजारची म्हातारी एकदा जाळीपाशी उभी राहून म्हणाली, "बुवा, बदकं न्हाऊन निघाली. तुमी कवा न्हाताव?" हे शांतपणे म्हणाले, "मी काय पाण्यातला जीव हाय का?"

अंड्यांची कवचे मऊ होऊ लागली, तेव्हा चुन्यासाठी टरफले हवी झाली. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, अशा थाटात ते बसस्थानकासमोरच्या ऑम्लेटच्या गाडीपाशी जाऊन उभे राहत. गाडीवाल्याने पहिल्या दिवशी विचारले, "सिंगल का डबल, म्हाराज?" हे म्हणाले, "आतलं तुमी ठेवा. मला वरचं द्या." ही वार्ता दोन कोसांवरच्या गावी त्यांच्या पोहोचण्याआधी पोहोचली, आणि पुढच्या सप्ताहात वीणेकरी बुवांनी त्यांच्याकडे तिरपे पाहिले. पाहुण्यांची गतही फारशी वेगळी नसे. मी माझ्या गावाहून, धर्मापुरीहून, दोन एसट्या बदलून त्यांच्या घरी गेलो, तेव्हा शेवग्याच्या पाल्याची भाजी केली होती. ती इतकी चिवट होती की मी कारण विचारले. "कवळा पाला बदकांना," त्यांनी खुलासा केला, "जून आपल्याला. आपल्याला दात हायत." माझे दात तोवर बहुतेक निवृत्त झाले होते, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. परड्यात तिन्ही बदके मान हलवीत तो कोवळा पाला खात होती, आणि हे भिंतीला टेकून, वहिनी ज्या दृष्टीने आम्हाला जेवताना पाहत, त्याच दृष्टीने त्यांच्याकडे पाहत होते. मी त्या दिवशी ताटातले काही टाकले नाही.

इथवर हसण्यासारखे होते. पुढे आषाढी आली. वहिनींच्या माघारी पहिलाच चातुर्मास. मेहुण्यांनी संकल्प केला की वर्षश्राद्ध होईतो या अंगणात जीवहत्या घडू द्यायची नाही. तेवढेच पुण्य तिच्या पदरी. हा संकल्प त्यांनी बदकांनाही लावला. पाऊस पडून भुई ओली झाली, भिंतीच्या कडेने गांडुळे आणि गोगलगायी वर येऊ लागल्या. हे पहाटे उठून ती सुपात गोळा करीत आणि ओढ्यापलीकडे सोडून येत. एकादशीला बदकांपुढे भिजवलेला साबुदाणा आणि भगर. एरवी तांदळाच्या कण्या, भात, भोपळा. अझोल्याच्या खड्ड्यात किडे दिसतात, म्हणून तोही त्यांनी बुजवला. मला निरोप आला, "बदकांनी चातुर्मास धरला हाय. लई गुणाची हायत." पत्नीने भावाचे कौतुक केले. मला मात्र तो निरोप ऐकून उगाच उदास वाटले.

श्रावण सरता सरता एक बदक पाय मुडपून बसले ते उठले नाही. भाद्रपदात दुसरे तसेच गेले. राहिली ती थोरली, पांढरी, जिच्या गळ्याशी एक करडे पीस आहे ती. वहिनी भाकरी थापीत तेव्हा हीच उंबऱ्यावर येऊन बसे. आता तिचेही पाय लुळे पडले. त्यांनी तिला टोपलीत घालून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी पाय चाचपले, आहार विचारला आणि साबुदाण्याचे नाव ऐकून लेखणी खाली ठेवली. "बाबा, नुसत्या साबुदाण्याने अन् कण्यांनी हिच्या पायात बळ कुठून येणार? ही किडे-गोगलगायी खाणारी जात आहे." त्यांनी औषधाची पूड दिली, पण ती भरडीत मिसळली की थोरली चोच फिरवी. कोंडा नाही, शेंगदाणे नाहीत, काही नाही. तिला ओढ्यावर उचलून नेले, तर दोन पावले वेचीत जाण्याचेही त्राण तिच्यात नव्हते. आता जिवंत खाद्य कोणीतरी हाताने आणून तिच्या चोचीपुढे ठेवायचे, की तिला तशीच जाऊ द्यायची, एवढेच उरले होते. आणि तो हात माळकऱ्याचा होता.

ते टोपली मांडीवर घेऊन एसटीने माझ्याकडे आले. दारातच बसले. पत्नीने पाणी दिले, ते आधी टोपलीतल्या थोरलीच्या चोचीपुढे गेले.

"दाजी, तुमी पोथी वाचता," ते म्हणाले. "ती दोघं माज्या नेमापायी मेली का?"

असत्य बोलता येत नव्हते आणि सत्य बोलवत नव्हते. मी म्हणालो, "उपवास माणसाला सांगितला आहे, कारण त्याला मोह आहे. बदकाला भूक आहे, मोह नाही. तिला व्रत लागत नाही."

"अन् मी गोगलगायी वेचल्या तर?"

"तो दोष तुम्हाला लागेल," मी म्हणालो. "पण तुमच्या मांडीवरचा जीव उपाशी गेला, तर तोही लागेल."

"म्हंजी सुटका न्हाई."

"नाही."

ते बराच वेळ थोरलीच्या पाठीवरून हात फिरवीत राहिले. "तिची माळ तिच्यासंगं गेली," शेवटी म्हणाले. "माजी एकटीच राहिली." आणि चहा न घेता उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्नान केले, माळ उतरवली, देवघरातल्या खुंटीला टांगली आणि डबा घेऊन ओढ्यावर गेले. हे मला पत्नीकडून कळले, तिला त्यांच्या शेजारणीकडून. प्रत्येक गोगलगाय उचलताना ते तिच्यापुढे हात जोडतात, त्यामुळे डबा भरायला दुपार होते, असेही कळले. थोरलीने पहिल्या दिवशी तीन खाल्ल्या. पंधरवड्यात ती पायांवर उभी राहिली.

गावात बोलणे झालेच. माळ उतरवलेला म्हणून त्यानंतरच्या सप्ताहात त्यांना कोणी टाळ दिला नाही. त्यांनीही मागितला नाही. मंडपाच्या टोकाला उभे राहून ते पाणी वाढीत होते. अन्न त्यांचे पूर्वीचेच आहे, नामस्मरण पूर्वीचेच आहे. गळा तेवढा मोकळा आहे, आणि बोलताना त्यांचा हात अजून तिथे माळ चाचपायला जातो.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. दसऱ्यानंतर गावातली निम्मी घरे ऊसतोडीला जातात, तशी गेली होती. कुलुपांच्या रांगेत त्यांचे एकच दार उघडे. थोरली उंबऱ्यावर बसली होती. चूल थंड होती, तरी ती तिकडेच तोंड करून होती. मी म्हणालो, "भाऊ, आता ही धडधाकट झाली. माळ पुन्हा घ्या."

"उद्या परत डबा घेऊन जायाचं हाय, दाजी. सकाळी घालायची अन् दुपारी काढायची, असं करता येत न्हाई." त्यांनी उपरण्याची गाठ सोडली, भरड ताटलीत ओतली. "ही गेली की घालीन. म्हून रोज इठ्ठलाला सांगतो, माळ देण्याची घाई करू नको."

पोथ्या वाचता-सांगता आयुष्यभर मी अनेकांची मागणी देवाच्या कानावर घातली आहे. धन, संतती, पाऊस. असे मागणे कधी वाट्याला आले नव्हते. मी मनात तथास्तु म्हटले, आणि ताटली थोरलीच्या चोचीजवळ सरकवली.