पलंग न्यायला आलेला माणूस

आई गेल्याच्या चौथ्या दिवशी मीच फोन करून पलंग परत न्यायला सांगितलं. आजारी माणसांसाठी भाड्याने पलंग देणारं ते दुकान कळंबोलीला होतं. पाच वर्षांपूर्वी आमच्या पनवेलच्या घरी ज्याने तो जोडून दिला होता, तोच माणूस आला. उंच, पाठीत जरासा वाकलेला. दारात चपला काढून त्याने पाय पुसले आणि गादीला हात लावण्याआधी विचारलं, "घेऊ ना, ताई?"

पान्याने नट सोडवत तो उशाची बाजू वर करायच्या हँडलपाशी आला आणि थांबला. त्याने ते अंगठ्याने चोळून पाहिलं.

"रंग नाय ऱ्हायला याचा. लय फिरवलंय तुमी."

"दिवसातून वीसदा. तिला धाप लागायची," मी म्हणाले. मग त्या अनोळखी माणसापाशी बोलूनच गेले, "ती गेली तेव्हा आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं. लाज वाटते त्याची."

त्याने मान वर केली नाही. "माजी आय गेली तवा मी दोन दिस निस्ता झोपलो. दमलेलं मानूस झोपनारच. त्यात लाज कसली?"

भिंतीला ओरखडा न पाडता त्याने एकेक भाग खाली नेला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

समोरच्या काकू दारात आल्या. "एवढ्यात नेला पलंग?"

"हो. मीच बोलावलं होतं," मी म्हणाले, आणि माझा आवाज कुठेही अडखळला नाही.