वालूरचा रंगीत सिनेमा

वालूरच्या शाळेत मी कायम झालो तो निव्वळ माझ्या हुशारीवर. माझे सासरे वेगळं सांगतात, पण आता त्यांचं वय झालंय.

निजामी नुकतीच गेली होती. मी स्वतः शिकलो उर्दूतून आणि शिकवायचा मराठी निबंध! पोरंही तसलीच. 'आमचा बैल' म्हटलं की शेपटापासून सुरू करायची, मध्येच बैल विकून टाकायची आणि शेवटी त्याचा जन्म व्हायचा. त्यात तपासणीच्या साहेबांचा निरोप आला, "पोरांना सलग लिहिता आलं तर कायम करू, नाहीतर दुसरं काम बघा." नेमके तेव्हाच सासरे चार दिवस मुक्कामाला. त्यांच्यादेखत नोकरी जाण्यापेक्षा विहीर बरी!

पण मी काय कुणाला भितो होय? (सासरे सोडून.) सेलूला सरकारी सिनेमाची गाडी आली होती. तिच्यात एका कोंबडीचा मुका सिनेमा होता. सगळी हातानं चितारलेली चित्रं, पण पळणारी! कोंबडीचं अंडं टेकडीवरून गडगडतं, ती त्याच्यामागं शेतातून, नदीतून, बाजारातून धावते. मी बेत केला. पोरांना हे दाखवायचं. मग ज्याच्या डोक्यात जे येईल ते त्यानं बोलायचं, मी फळ्यावर टिपायचं, आणि नंतर सगळ्यांनी मिळून त्याची सुरुवात, मध्य, शेवट लावायचा. आहे की नाही डोकं?

तपासणीच्या दिवशी ती गाडी वालूरला आणवली, कापसाचं गोदाम घेतलं, खिडक्यांना पोती ठोकून भर दुपारी अंधार केला. तेव्हा गाडीबरोबरचा मशीनवाला म्हणाला, "गुरुजी, पडदा सेलूलाच ऱ्हायला की!"

मी घरी पळालो. बायको शेजारी दळायला गेलेली. चादरी बघाव्यात तर सगळ्यांवर मोर! तेवढ्यात दोरीवर चौघडी करून वाळत घातलेलं पांढरंशुभ्र धोतर दिसलं. सासऱ्यांचं. ते न्हाणीत होते. विचारलं असतं, पण साहेबांची बैलगाडी वेशीत आली होती. (आणि विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते.)

अंधारातच धोतर दुहेरी करून बांधलं. मशीन सुरू झालं. कोंबडी काळी, शेत पांढरं, आणि वर कोपऱ्यात ताटाएवढा पिवळाधमक सूर्य!

"गुरुजी, रंगीत हाय!" पोरं ओरडली.

साहेब पुढं वाकले. "अरे वा! रंगीत?"

मशीनवाल्यानं मान डोलावली. सरकारी माणूस, साहेबाला नाही कसं म्हणणार?

"सूर्य तेवढाच रंगीत ठेवलाय, साहेब," मी ठणकावून सांगितलं. "मुलांचं लक्ष मुख्य मुद्द्यावर राहावं म्हणून!"

नदी आली, बाजार आला, पण सूर्य जागचा हलेना. बाजारात तर तो एका बाईच्या नाकावर उगवला. मी म्हटलं, "बघा मुलांनो, सूर्य सगळ्यांना सारखा!" साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं.

आणि दार धाडकन उघडलं. दारात सासरे! अंगात कोट, डोक्याला रुमाल आणि कमरेला आमची मोरांची चादर. (शेजारणीनं चुगली केली असणार.)

"माझं धोतर!"

"मामा, पाच मिनटं! अंडं फुटायचं हाय अजून!"

"अंडं गेलं खड्ड्यात! मला गाडी गाठायचीय, जावईबापू! एक धोतर भिजवलंय, दुसरं तुमी टांगलंय. मी काय मोरं नेसून परभणीला जाऊ?"

ते तडक पडद्याकडं निघाले. कोंबडी त्यांच्या पाठीवरून धावत गेली. "अन् ही हळद! धाकटीच्या लग्नातली. लय घासली, निघाली न्हाई. ती साऱ्या गावाला दाखवायलाव का?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी मशीनवाल्याकडं, मशीनवाल्यानं कोंबडीकडं. सासरे धोतराच्या गाठी सोडत होते आणि मला वाटत होतं, माझी नोकरीच सुटतेय.

पण मास्तराचं तोंड कधी बंद पडतं का? "बोला पोरांनो! काय काय बघितलं?"

"कोंबडी!" "सूर्य!" "हळद!" "मोर!" "गुरुजींचे सासरे!" फळा पुरेना. पोरांनी क्रम लावला, भराभरा लिहिलं आणि साहेबांनी वह्या मागवल्या. झाडून सगळ्यांचा मजकूर सलग! सुरुवातीला अंडं गडगडलं. मध्ये सूर्य मावळेना. शेवटी गुरुजींच्या सासऱ्यांनी सूर्य सोडून घेतला आणि ते तो नेसून गाडीला गेले.

हसता हसता साहेबांना ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी शेरा लिहिला, "मुलांचे लेखन सुसंगत. शेवट विशेष चांगला. शिक्षकास कायम करावे."

त्या शेऱ्याची नक्कल मी घरात भिंतीला लावलीय. सासरे आले की पाहुण्यांना तिथं नेतात, 'शेवट विशेष चांगला' यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हे माझं! जावईबापू माझ्या धोतरावर कायम झाले."

सुरुवात आणि मध्य माझेच होते हो, पण त्यांच्याबद्दल साहेबांनी चकार शब्द लिहिलेला नाही!