पत्र्याच्या आतला हात

मन्मथअप्पांची आणि माझी पहिली भेट म्हणजे त्यांनी माझ्या अंगावर भिरकावलेला पाना. जिंतूर रोडवरच्या त्यांच्या शेडमध्ये मी एका मडगार्डला टेकलो, एवढाच माझा गुन्हा. पाना कानाजवळून गेला नि मागच्या ड्रमवर आदळला. "ओ सर, आत्ताच सरळ केलाय पत्रा! सासुरवाडी हाय का टेकायला?" मी शाळेत मास्तर असलो तरी काही कमी तापट नाही. तोच पाना उचलून परत फेकला. अप्पा खो खो हसले, गळ्यातलं इष्टलिंग बनियनमध्ये सरकवलं आणि लिंगायतांच्या रीतीनं नमस्कार करत म्हणाले, "शरणार्थ. बसा. काय काम काढलंत?"

काम होतं वडिलांच्या जुन्या अँबॅसिडरचं. पेडगावच्या गोठ्यात तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मला तिचं छप्पर चार बोटं खाली घ्यायचं होतं, बॉनेटच्या बाजू कापून इंजिन उघडं ठेवायचं होतं, मागं रुंद चाकं लावायची होती आणि रविवारी बायकोला शेजारी बसवून पोखर्णीपर्यंत निवांत जायचं होतं. परदेशातल्या अशा गाड्या मोबाइलवर पाहिल्यापासून मला चैन नव्हतं. बाकीच्या कारागिरांनी वेड्यात काढलं. अप्पांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. "पळवायची न्हाई, मिरवायची न्हाई, नुसती फिरवायची. लय बेस!"

गाडी निवांत फिरण्यासाठी, पण काम म्हणजे रोजची मारामारी. अप्पा पत्र्याला शिव्या देत ठोकायचे, कुणी मध्ये बोललं की हातात असेल ते फेकायचे. चुकीचा बोल्ट दिला म्हणून एका दुकानदाराची गचांडी धरून त्यांनी त्याला रस्त्यापर्यंत फरपटत आणलं होतं. पत्रा न ठोकता त्यातल्या खड्ड्यात नुसता पुट्टीचा लेप भरण्याचा तर त्यांना भयंकर तिटकारा. "थोबाडीत खायची आन् वरून पावडर लावायची, असलं काम आमी करत न्हाई."

पत्रा मात्र दोघांनी ठोकायचा. धाकटा भाऊ बस्वा आतून लोखंडी ठोकळा लावून धरायचा, अप्पा बाहेरून हातोडा मारायचे. आतल्याला हातोडा दिसत नाही, बाहेरच्याला हात दिसत नाही. म्हणून नियम होता. "आतल्यानं 'हं' म्हणल्याबिगर हातोडा उचलायचा न्हाई. आभाळ कोसळलं तरी न्हाई."

माझ्या लग्नाचा वाढदिवस जवळ आला आणि मला घाई झाली. अप्पा चारठाण्याला पाहुण्यांकडे गेले होते. मी बस्वाच्या मागं लागलो, "डाव्या मडगार्डात पुट्टी भर रे, कुणाला कळतंय?" तो नको नको म्हणत होता. शेवटी सरांचा शब्द म्हणून भरली.

अप्पांनी आल्या आल्या बोटाच्या पेरानं टकटक केलं. आवाज बद्द आला. "कुणी भरली?" बस्वानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मी तोंड उघडलं नाही. घाबरलो, दुसरं काय! अप्पांनी मोठा हातोडा उचलला. पुट्टीचे ढलपे उडायला लागले. निदान पत्रा तरी नीट बसावा म्हणून बस्वानं घाईघाईनं ठोकळा घेऊन आत हात घातला. तो 'हं' म्हणायच्या आधीच घाव बसला. त्याची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. उजव्या हाताची दोन बोटं चेचली, ती पुन्हा कधी वळली नाहीत.

बस्वा शेडवर यायचा बंद झाला. अप्पा त्याच्या घरी गेले की आतून कडी लागायची. दुसरा माणूस ठेवा म्हटलं तर माझ्यावरच खेकसले, "आत हात घालायला भाऊ लागतो वो!" ते रोज त्या मडगार्डासमोर नुसते बसून राहायचे. मला ते बघवेना. एक दिवस सांगून टाकलं की पुट्टी मी भरायला लावली. अशी सणसणीत ठेवून दिली त्यांनी, की माझा चष्मा ऑइलमध्ये पडला. "मास्तर, लेकरांना हेच शिकवता का?" मग खालीच बसले नि हमसून हमसून रडले. "पण घाव तर माझाच ना."

अप्पा गेल्या वर्षी वारले. आमच्या गावात लोकांना त्यांचा राग तेवढा आठवतो. मला त्या थोबाडीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते.

आम्ही दोघं बस्वाच्या दारात उभे राहिलो. मी बाहेरूनच सगळं कबूल केलं. बऱ्याच वेळानं कडी निघाली. तो आमच्यामागून शेडवर आला. अप्पांनी हातोडा त्याच्या हातात दिला, स्वतः चाकाजवळ फतकल मारली, ठोकळा घेतला आणि हात आत घातला. "हं," म्हणाले.

बस्वानं डाव्या हातानं हातोडा उचलला आणि जीव खाऊन हाणला. ठोकळ्यावर नव्हे, शेजारी, जिथं अप्पांची बोटं होती तिथं. चुकून नव्हे, मी समोरच होतो. पत्रा आत गेला. अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. मी ओरडलो, "अप्पा, हात काढा!"

"न्हाई काढत. अजून मारायचं आसंल तर मार, बस्वा."

 बस्वानं बाहीनं नाक पुसलं आणि वाकून पत्र्यावर कान ठेवून आतल्या ठोकळ्याचा अंदाज घेतला.

"ठोकळा जरा वर घे, दादा. पत्रा अजून वाकडाच हाय."